गडद डोळ्यांना कोणता रंग खुलेल?

पत्र : मी २४ वर्षांची असून ठाण्यात चरईत राहते आणि नोकरीसाठी रोज स्कूटरने ऐरोलीला जाते. डिसेंबरमध्ये माझ्या मोठ्या भावाचे लग्न आहे आणि मी करवली आहे. मला चष्मा आहे. उजव्या डोळ्याचा नंबर उणे ३.२५ आणि डाव्याचा उणे ५ आहे. लग्नात चष्मा नसावा आणि डोळ्यांचा रंगही थोडा वेगळा दिसावा, अशी माझी इच्छा आहे. वाशीला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचे डोळे घारे आहेत. ती हिरव्या लेन्स लावते आणि त्या तिला फार सुंदर दिसतात. तिच्याच लेन्स एकदा लावून बघ, असे ती म्हणते. मेकअप करणाऱ्या ताई म्हणतात की लेन्स त्याच घेऊन येतील. आईचे म्हणणे असे की डोळ्यांशी खेळ नको. माझे डोळे काळेभोर आहेत. मी कोणता रंग घ्यावा? माझी पैठणी हिरवी आहे, तिच्याशी जुळणारा घ्यावा का?

उत्तर : तुम्ही रंग विचारला आहे, परंतु उत्तराची सुरुवात तुमच्या मावसबहिणीच्या डोळ्यांपासून करावी लागेल. तिच्या डोळ्यांत जो हिरवा रंग तुम्ही पाहिला, तो एकट्या लेन्सचा नव्हता. लेन्सचा रंग आणि तिच्या बुबुळाचा मूळचा रंग यांच्या मिश्रणातून तो तयार झाला होता. तीच लेन्स तुमच्या डोळ्यांवर ठेवली तर मिश्रणातील एक घटक बदलेल आणि दिसणारा रंगही बदलेल. कदाचित तो इतका मंद होईल की लेन्स लावली आहे हे तुमच्या सांगण्यावरूनच लोकांना कळेल.

याचे कारण बुबुळाच्या रचनेत आहे. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यात मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते, आणि त्याच्या पुढच्या थरात हे द्रव्य किती आहे यावर डोळ्याचा रंग ठरतो. ते भरपूर असेल तर डोळा गडद तपकिरी दिसतो, कमी असेल तर पिंगट किंवा घारा दिसतो. निळ्या डोळ्यांत तर निळे द्रव्य मुळी नसतेच. पुढच्या थरात मेलॅनिन फारच कमी असल्यामुळे तेथे प्रकाश विखुरतो आणि तो विखुरलेला प्रकाश आपल्याला निळा भासतो. काळेभोर म्हणून आपण ज्यांचे कौतुक करतो ते डोळेही प्रत्यक्षात अतिशय गडद तपकिरी असतात. तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांची नेमकी छटा पाहायची असेल तर सकाळी खिडकीजवळ, पण थेट ऊन चेहऱ्यावर येणार नाही अशा ठिकाणी आरसा घेऊन बसा. ट्यूबलाइटखाली काळे वाटणारे डोळे तेथे कॉफीच्या, चॉकलेटच्या किंवा लालसर तपकिरी छटेचे निघतात, आणि पुढची निवड या छटेवर अवलंबून आहे.

आता लेन्सकडे वळू. डबीतील द्रावणात सहज सापडावी म्हणून साध्या पारदर्शक लेन्सलाही फिकट निळसर झाक दिलेली असते; तिचा डोळ्याच्या रंगावर काही परिणाम होत नाही. खऱ्या अर्थाने रंगीत म्हणाव्यात अशा लेन्स दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात रंग अर्धपारदर्शक असतो आणि तो मूळच्या रंगाला फक्त उठाव देतो. दुसऱ्या प्रकारात बारीक ठिपक्यांची किंवा रेषांची अपारदर्शक छपाई केलेली असते, त्यामुळे मूळचा रंग बराचसा झाकला जातो. गडद रंगाच्या भिंतीवर पातळ पोपटी रंगाचा एक हात मारला तर भिंत पोपटी होत नाही, हे घर रंगवून घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि अर्धपारदर्शक लेन्सचे गडद डोळ्यांवर नेमके तसेच होते. मावसबहिणीच्या घाऱ्या डोळ्यांना अशी हलकी लेन्सही पुरते. तुम्हाला अपारदर्शक छपाईची लेन्सच घ्यावी लागेल, आणि दुकानात गेल्यावर रंगाचे नाव घेण्याआधी हाच प्रश्न विचारावा लागेल.

मात्र अपारदर्शक लेन्सही संपूर्ण बुबुळ झाकत नाही. समोरचे दिसावे म्हणून तिचा मध्यभाग मोकळा ठेवलेला असतो. त्याचा व्यास उत्पादनानुसार कमी-अधिक, साधारण ५ मिलिमीटरच्या आसपास असतो. भर उजेडात तुमची बाहुली आकसून २ ते ३ मिलिमीटरची होते. मग बाहुलीची कडा आणि लेन्सच्या रंगाची आतली कडा यांच्यामध्ये तुमच्या स्वतःच्या बुबुळाचे एक गडद तपकिरी कडे उघडे राहते. लेन्स फिकट निळी किंवा राखी असेल तर हे कडे ठळक उठून दिसते. पापणी मिटताना लेन्स किंचित सरकते, तेव्हा एका बाजूला तपकिरी कोरही डोकावते. गडद डोळ्यांवर निळी लेन्स पाहताना काहीतरी खटकते, पण काय ते सांगता येत नाही, असा अनुभव अनेकांना येतो; त्याचे कारण बहुतेक वेळा हे कडे असते. छायाचित्रकाराने जवळून चेहरा टिपला की ते अधिकच स्पष्ट होते.

म्हणून माझा सल्ला असा, की तुम्ही मध, बदामी किंवा हेझल (हिरवट झाक असलेला तपकिरी) या कुळातील रंग निवडावा. या लेन्समध्ये आतल्या कडेला सोनेरी-तपकिरी छटा असते आणि ती तुमच्या मूळच्या तपकिरी कड्यात मिसळून जाते, त्यामुळे डोळा एकसंध दिसतो. मुळात फिकट असलेल्या डोळ्यांतही बाहुलीभोवती पिवळसर छटा, मध्ये मुख्य रंग आणि बाहेरच्या कडेला गडद किनार अशी रचना पुष्कळदा आढळते. त्या रचनेची नक्कल करणाऱ्या दोन किंवा तीन छटांच्या लेन्स मिळतात, आणि एकाच सपाट रंगाच्या लेन्सपेक्षा त्या नेहमी उजव्या ठरतात. बाहेरची किनार काळी कुळकुळीत नसावी, गडद तपकिरी किंवा धुरकट असावी. तुमच्या बुबुळात लालसर झाक असेल तर मधाचा रंग चांगला दिसेल. कॉफीसारखा थंड तपकिरी असेल तर हेझल, आणि फारच हौस असेल तर तपकिरी मिसळलेला राखी रंग लावून पाहण्यास हरकत नाही. हिरवा हवाच असेल तर पाचूसारखा नको. शेवाळी, आत तपकिरी छटा असलेला पाहावा. निळा मात्र मी तुम्हाला सुचवणार नाही.

रंगांच्या नावांवर विसंबू नका. एका कंपनीचे हेझल हिरवट असते तर दुसऱ्या कंपनीचे पिवळसर तपकिरी, कारण या नावांना कोणतेही ठरलेले प्रमाण नाही. जाहिरातीतील छायाचित्र पाहतानाही त्या मॉडेलचा डोळा मुळात कोणत्या रंगाचा आहे हे दाखवले आहे का, ते पाहावे. ते दाखवले नसेल तर त्या छायाचित्राचा तुम्हाला उपयोग नाही. फोनवर आपल्याच चेहऱ्यावर लेन्स लावून दाखवणारी सोय तर याहून फसवी असते, कारण ती पडद्यावर रंग चढवते आणि खालच्या मेलॅनिनचा हिशेब तिच्यात धरलेला असेलच असे नाही.

पैठणीशी डोळे जुळवण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. साडीचा रंग संध्याकाळी स्वागतसमारंभाला बदलेल, डोळे तेच राहतील. शिवाय साडी आणि डोळे एकाच रंगाचे झाले की पाहणाऱ्याला ते वेषांतर वाटते. गव्हाळ रंगाला अमुक, सावळ्या रंगाला तमुक असे नियमही सांगितले जातात. मी ते फारसे मानत नाही. माझ्या मते त्वचेपेक्षा भुवया, पापण्या आणि केसांचा रंग अधिक महत्त्वाचा आहे, कारण डोळ्याच्या सर्वांत जवळची चौकट तीच असते. ती दाट काळी असेल तर फार फिकट लेन्स तिच्यात परकी दिसते, आणि मूळच्या रंगापेक्षा दोन पायऱ्या उजळ असा रंग तेवढा सहज बसतो.

प्रत्यक्ष निवड करताना एकाच डोळ्यात लेन्स लावून दुसरा डोळा तसाच ठेवावा, म्हणजे तुलना सोपी जाते. दुकानाच्या आरशात नाक टेकवून पाहू नये. लग्नात लोक तुम्हाला हातभर अंतरावरून पाहणार आहेत. म्हणून सोबत आलेल्या व्यक्तीला तेवढ्या अंतरावर उभे करावे, मग दुकानाच्या दाराशी येऊन दिवसाच्या उजेडात पाहावे आणि फ्लॅश वापरून तसेच न वापरता असे दोन फोटो काढून घ्यावेत. कार्यालयातील पिवळसर दिव्यांत मधाचा रंग अधिक उबदार दिसतो, तर राखी रंग बऱ्याचदा मळकट वाटू लागतो. आईला सोबत नेल्यास उत्तम. तपासणी कशी होते हे त्या स्वतः पाहतील आणि त्यांचा डोळा तुमच्यापेक्षा अधिक चिकित्सक असण्याचीही शक्यता आहे.

छपाईचा आकारही पाहून घ्यावा. आपल्या बुबुळाचा दिसणारा व्यास सुमारे ११.५ ते १२ मिलिमीटर असतो आणि सॉफ्ट लेन्सचा एकूण व्यास बहुधा १४ ते १४.५ मिलिमीटर. मात्र रंग लेन्सच्या कडेपर्यंत छापलेला असेलच असे नाही. तो बुबुळाहून थोडासाच मोठा असेल तर डोळे टपोरे दिसतात. फार पसरला तर पांढरा भाग कमी होऊन चेहऱ्याला खेळण्यातल्या बाहुलीसारखा ठोकळेबाज भाव येतो.

आता तुमच्या दोन्ही हितचिंतकांच्या सूचनांविषयी. मावसबहिणीची लेन्स एकदाही लावू नये, तिने ती कितीही स्वच्छ ठेवली असली तरी. लेन्सवर अश्रूंतील प्रथिने आणि जिवाणूंचा थर साचतो, तो द्रावणाने पूर्णपणे जाईलच असे सांगता येत नाही, आणि त्यातून कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, होणारा संसर्ग दृष्टीवर कायमचा डाग ठेवू शकतो. मेकअप करणाऱ्या ताईंचा हेतू चांगलाच असेल, परंतु त्यांनी आणलेली लेन्स आधी कोणाच्या डोळ्यात होती हे तुम्हाला कळणार नाही. ती सीलबंद आणि नवी असली तरी बहुधा शून्य नंबरची असेल. तुमचा डावा डोळा उणे ५ चा आहे. त्या लेन्स लावून करा हातात घेऊन उभे राहिलात तर मंगलाष्टके ऐकू येतील, पण चार हातांवरच्या पाहुण्यांचे चेहरे ओळखू येणार नाहीत.

तुमच्या चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सचा नंबर होत नाही, हेही येथे सांगायला हवे. चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर पुढे असते आणि लेन्स थेट डोळ्यावर बसते. या अंतरामुळे ४ च्या पुढच्या नंबरांत फरक पडतो. चष्म्यातील उणे ५ लेन्समध्ये साधारण उणे ४.७५ होतो. तुमच्या उणे ३.२५ मध्ये मात्र बहुधा बदल करावा लागणार नाही. पत्रात सिलिंडर नंबराचा, म्हणजे कॉर्निया सर्व दिशांना सारखा गोल नसल्यामुळे लागणाऱ्या नंबराचा, उल्लेख नाही. चष्म्याच्या चिठ्ठीत तो आहे का ते पाहावे. तो ०.५० सारखा किरकोळ असेल तर मुख्य (गोल) नंबरात थोडा फेरफार करून भागवता येते. तो जास्त असेल तर टॉरिक, म्हणजे सिलिंडर नंबर असलेली, लेन्स लागते, आणि रंगीत टॉरिक लेन्समध्ये रंगांची निवड फार मर्यादित असते. तसे असल्यास साधी पारदर्शक टॉरिक लेन्स घेऊन रंगाची हौस बाजूला ठेवावी, असेच मी म्हणेन, कारण करवलीला स्पष्ट दिसणे अधिक गरजेचे आहे.

नंबराइतकाच लेन्सचा बाक महत्त्वाचा असतो. तो कॉर्नियाच्या वक्रतेशी जुळवावा लागतो; सॉफ्ट लेन्समध्ये तो बहुधा ८.३ ते ८.९ मिलिमीटर या दरम्यान असतो आणि खोक्यावर बीसी या अक्षरांपुढे छापलेला असतो. लेन्स घट्ट बसली तर तिच्याखालचे अश्रू खेळते राहत नाहीत, सैल बसली तर ती भटकते आणि रंगाचे वर्तुळ बुबुळावरून घसरलेले दिसते. म्हणूनच शून्य नंबरची, केवळ शोभेची लेन्ससुद्धा तपासणीशिवाय घेऊ नये. अमेरिकेत २००५ पासून अशा लेन्स डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास कायद्याने बंदी आहे, आणि आपल्याकडेही कॉन्टॅक्ट लेन्स हे वैद्यकीय उपकरण मानले जाते. गोखले रोडवर किंवा राम मारुती रोडवर खरेदीला निघालात की बांगड्यांच्या आणि टिकल्यांच्या यादीत लेन्सही लिहाल, तर ते बरोबर होणार नाही. आधी नेत्रतज्ज्ञ किंवा ऑप्टोमेट्रिस्ट यांच्याकडे जाऊन कॉर्नियाची वक्रता मोजून घ्यावी, अश्रू पुरेसे आहेत का ते पाहून घ्यावे आणि चाचणीची लेन्स काही वेळ डोळ्यात ठेवून तिची हालचाल तपासून घ्यावी. रंग लेन्सच्या पृष्ठभागावर छापलेला आहे की दोन थरांच्या मध्ये बंदिस्त आहे, हेही तेथेच विचारावे. बंदिस्त रंग पापणीच्या आतल्या बाजूला घासत नाही. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसल्याने तो प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून घेतो, आणि म्हणून सिलिकॉन हायड्रोजेलची, हवा अधिक खेळू देणारी लेन्स मिळाली तर तिला प्राधान्य द्यावे. तुम्हाला त्या मोजक्याच दिवशी वापरायच्या आहेत, तेव्हा एका दिवसात टाकून द्यायच्या लेन्स तुमच्या नंबरात मिळाल्या तर सर्वांत सोयीचे.

हे सारे लग्नाच्या निदान महिनाभर आधी करावे. लेन्स घालण्या-काढण्याचा हात बसायला काही दिवस लागतात, आणि नेमक्या लग्नाच्या पहाटे ती पहिल्यांदा डोळ्यात घालण्याचा प्रयत्न केला तर डोळे लाल होऊन मेकअप सुरू होण्यापूर्वीच बिघडेल. पहिल्या दिवशी दोन-तीन तास, मग हळूहळू वाढवत जावे. मात्र ऐरोलीच्या कार्यालयात त्या रोज वापरू नयेत. वातानुकूलित हवेत संगणकाकडे पाहताना पापण्या कमी मिटतात आणि लेन्स सुकते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरची धूळ स्कूटरवर थेट डोळ्यांवर येते. रात्री तर रंगीत लेन्स लावून गाडी चालवूच नये. अंधारात बाहुली मोठी होऊन लेन्सच्या मोकळ्या भागाबाहेर जाते, मग रंगाची कडा नजरेच्या वाटेत येते आणि समोरच्या दिव्यांभोवती धुरकट वलये दिसू लागतात.

समारंभातील प्रत्येक विधीला लेन्स हवीच असे नाही. हळदीच्या दिवशी चष्माच बरा. ओल्या हळदीचे बोट डोळ्याला लागले तर जळजळ होईल आणि सॉफ्ट लेन्स तो पिवळा रंग शोषून घेऊ शकते. लग्नाच्या दिवशी हात साबणाने धुऊन, कोरडे करून लेन्स आधी घालाव्यात आणि मेकअप नंतर करावा. रात्री उलट, म्हणजे आधी लेन्स काढाव्यात आणि मग चेहरा पुसावा. काजळ पापणीच्या आतल्या कडेला न भरता केसांच्या बाहेर रेखावे. पावडर आणि केसांचा स्प्रे मारताना डोळे मिटावेत. लाजाहोमाच्या वेळी धुराच्या दिशेला बसू नये. एवढ्या नातेवाइकांत जागा बदलून मिळणे अवघड आहे याची मला कल्पना आहे, तरी प्रयत्न करावा. डोळ्यांत घालण्याचे थेंब लेन्सवर चालणारे आहेत का, हे विचारूनच सोबत ठेवावेत, आणि पर्समध्ये चष्मा असावाच.

आईंच्या काळजीचे खरे कारण रंगात नसून पाण्यात आहे, असे मला वाटते. नळाच्या आणि सोसायटीच्या टाकीतील पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. लेन्सच्या आडोशाने तो कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. म्हणून लेन्स किंवा तिची डबी नळाखाली धरू नये, बाटलीबंद पाणीही वापरू नये आणि लेन्स लावून अंघोळ किंवा पोहणे टाळावे. महिनाभर टिकणाऱ्या लेन्स घेतल्या तर दर वेळी डबीतील जुने द्रावण टाकून ताजे भरावे, लेन्स तळहातावर द्रावणाने हलकेच चोळून धुवावी आणि डबी तीन महिन्यांत बदलावी. लेन्सचे सीलबंद पाकीट उघडल्याच्या तारखेपासून महिना मोजला जातो, लेन्स किती वेळा घातली यावर नाही. तेव्हा डिसेंबरची मासिक लेन्स मे महिन्यातील दुसऱ्या लग्नासाठी जपून ठेवू नये. आणि थकव्याने डोळे मिटत असले तरी लेन्स काढल्याशिवाय झोपू नये, वराती उशिरा परतल्या तरीही.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागले, तर लेन्स लगेच काढावी, पुन्हा घालून पाहू नये आणि औषधांच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. जाताना काढलेली लेन्स, डबी आणि द्रावणाची बाटली सोबत न्यावी, कारण संसर्ग कोणत्या जंतूंचा आहे हे शोधण्यासाठी डॉक्टरांना त्या तपासाव्या लागू शकतात.